कोहळ्याला बोट दाखवू नये : प्रकल्प नोंदी, नागपूर, जून ते सप्टेंबर २०२४

११ जून

मराठी मसुदा आज पूर्ण झाला. एम-चॅट म्हणजे ऑटिझमची, स्वमग्नतेची शक्यता लवकर हेरायची यादी. तिचे वीस प्रश्न, १६ ते ३० महिन्यांच्या लेकरांसाठी. उत्तर हो किंवा नाही, विचारायला पाच-दहा मिनिटं. २००१ साली अमेरिकेत ही यादी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात २३ प्रश्न होते. आपण घेतली ती सुधारलेली, पाठोपाठ सविस्तर मुलाखत असलेली. सतरा प्रश्नांत 'नाही' आलं की काळजी. दुसऱ्या, पाचव्या आणि बाराव्यात उलट, तिथे 'हो' आलं की काळजी. बेरीज २ पर्यंत असेल तर सोडायचं, पण लेकरू दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा विचारायचं. ३ ते ७ आली तर मुलाखत. ८ किंवा जास्त आली तर मुलाखतीची वाट न पाहता तपासणीला.

आपलं देशी काही का नको, असं बैठकीत कोणीतरी विचारलंच. आहे ना. ४० बाबींची भारतीय मोजपट्टी आहे, पण ती तीन वर्षांपुढच्या मुलांना, आणि मुख्यतः अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरतात. इन्क्लेन या संशोधन-संस्थेचं साधन दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचं, तेही निदानासाठी, शिकलेल्या माणसानं वापरायचं. आम्हाला हवंय ते दीड वर्षाच्या पोरासाठी, अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून सेविकेनं विचारता येईल असं.

डॉक्टर म्हणाले, "भाषांतर तर झालं, आता फक्त छपाई." मी कूलरकडे तोंड करून बसले.

१४ जून

उलट भाषांतर, म्हणजे आमच्या मराठीवरून परत केलेलं इंग्रजी, आलं. करणाऱ्या बाई कॉलेजात शिकवतात, मूळ इंग्रजी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वीसपैकी बहुतेक प्रश्न जसेच्या तसे परत आले, डॉक्टर खूश. गडबड झाली ती सहा आणि सातमध्ये. दोन्ही इंग्रजीत एकच होऊन आले.

मूळ प्रश्न असे : सहावा, लेकरू काही हवं असताना एका बोटानं दाखवतं का. सातवा, काही गमतीचं दिसलं की तुम्हालाही दिसावं म्हणून बोटानं दाखवतं का. आम्ही दोन्हीकडे 'बोटानं दाखवतो का' लिहून टाकलं होतं. सगळी मेख याच फरकात आहे. बिस्किटाच्या पुड्याकडे बोट करणारं पोर बिस्किट मागतं. विमानाकडे बोट करणाऱ्याला विमान नको असतं, त्याला माय हवी असते, तिनं वर पाहायला हवं असतं. पहिलं येतं आणि दुसरं येत नाही, असं पोर शांत आणि शहाणं दिसतं, म्हणून निसटतं.

दुसरी गोष्ट मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवली. उलट भाषांतर शब्द तपासतं. आईला काय समजलं ते त्यात कुठेच येत नाही.

२४ जून

उमरेड रोडकडच्या वस्तीत पाच घरं. पद्धत अशी : प्रश्न वाचायचा, उत्तर बाजूला ठेवायचं, आणि विचारायचं, "मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा." बायांना आधी वाटतं आपली परीक्षा चालू आहे. त्यातून आमचं पुस्तकी मराठी. 'आपले अपत्य' असा शब्द मी स्वतः लिहिला होता, आज तो मोठ्यानं वाचताना लाज वाटली. तिसऱ्या घरापासून सरळ "पोरगं" म्हणायला लागले.

चौदावा प्रश्न नजरेचा. बोलताना, खेळताना, कपडे घालताना पोरगं तुमच्या डोळ्यांत पाहतं का. मी सोपं करून वाचलं, "नजर देते का?" ती माउली लगेच म्हणाली, "हो जी, याले लवकरच नजर लागते. परवाच मीठ-मोहरी उतरवली." पोराच्या गालावर काजळाचा ठिपका होताच. मी कागदावर 'हो'वर खूण करणार तेवढ्यात कानात वाजलं की हिनं काय उत्तर दिलं. अंगणवाडीत घाईनं विचारणाऱ्या सेविकेनं खूण करून टाकली असती, आणि तिची चूकही नसती.

नजर गेली. तिथे आलं : "तुमी बोलता तवा तुमच्या तोंडाकडं पायते का?" तोंडाकडे पाहणं आपल्या भाषेत आहेच, लाचारीचंही आणि मायेचंही. एकोणिसाव्या प्रश्नाचंही त्यानंच भागलं. तिथे मूळ कल्पना अशी की काही नवं, अनोळखी घडलं की पोर आईचा चेहरा वाचून ठरवतं, भ्यायचं की नाही. दोन आठवडे आम्ही त्याचं 'भावना जाणून घेण्यासाठी' असं काहीबाही करत होतो. आता आहे : "घरात नवा मानूस आला, का वासुदेव आला, तं आधी तुमच्या तोंडाकडं पायते का?" सगळ्यांना एका झटक्यात समजलं.

२७ जून

हिंगण्याच्या पुढचं गाव. आज जे झालं ते पुऱ्या महिन्यात सुचलं नसतं.

घरात सून, सासू आणि १९ महिन्यांची नात. सहावा प्रश्न विचारला, सून गप्प. सासूच बोलली, "नाई दाखवत बोट. मीच दाखवू देत नाई." का? तिनं आम्हाला उठवून परसात नेलं. मांडवावर कोहळ्याचा वेल, खाली लिंबाएवढं कोवळं फळ. आजीनं ते दाखवलं ते मूठ वळून, बोटं आत दुमडून. "कोवळ्या कोहळ्याले बोट दाखवलं तं सडते. चंद्राले नाई दाखवाचं, मोठ्या मानसाले नाई दाखवाचं. मंग पोरीले कायले लावू आदत?"

म्हणजे इथलं 'नाही' म्हणजे घरची शिस्त. खरंच ती पोरगी दाखवत नव्हती का? आम्ही परत ओसरीत बसलो. दारात कोंबडी आली. पोरीनं पुरा हात लांब केला, पंजा उघडा, "आं!" केलं, आणि वळून आजीकडे पाहिलं. मग पुन्हा कोंबडीकडे, पुन्हा आजीकडे. बोट नव्हतं, पण बाकी सगळं होतं, मायेच्या माणसालाही ती कोंबडी दिसली की नाही याची खातरजमासुद्धा.

यावर आमच्यात दोन मतं आहेत. पंजा चालेल का? डॉक्टर म्हणतात नाही, एका बोटानं दाखवणं हा वेगळा टप्पा आहे, आणि ते बरोबरच आहे. मी म्हणते पहिल्या फेरीत प्रश्न तसाच ठेवू, पण 'नाही' आलं की पुढचा प्रश्न सक्तीचा : घरात बोट दाखवू देता का, आणि बोट नाही तर कसं दाखवते. तूर्त असं ठरलं.

९ जुलै

काम थंड. सगळ्या सेविकाताई लाडक्या बहिणीच्या अर्जांत बुडाल्या आहेत. अंगणवाडीसमोर आधार कार्डं, बँकेची पासबुकं आणि रांग. आमची प्रश्नावली पाहून एकीनं विचारलं, याचे किती मिळणार? दुसरीनं तिला गप्प केलं, "हे पोराइचं हाय." आणि लगेच मला, "पन नाव कटत तं नाई ना याच्यानं?"

हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सरकारी दिसणाऱ्या कागदावर आई जे उत्तर देते ते कागदाकडे पाहून देते. तिला वाटतं 'हो' हे चांगलं उत्तर. पोर चालतं का, हो. हसतं का, हो. सांगितलेलं ऐकतं का, हो हो. दुसऱ्या प्रश्नाला तर (कधी बहिरं असावं असं वाटलं का) जवळजवळ धसकूनच "छे छे". हो-नाहीची यादी अशा देशात बनली जिथे आई दवाखान्याच्या बाकावर एकटी बसून स्वतः कागद भरते. इथे सासू ऐकत असते, शेजारीण डोकावत असते, आणि सेविका तिच्या ओळखीची असते.

२० जुलै

पाऊस. शहरात पाणी. कोणीच कुठे गेलं नाही.

२३ जुलै

मोमिनपुऱ्यातल्या भेटी आमच्या उर्दू जाणणाऱ्या सहकारी बाईंनी केल्या. दहावा प्रश्न त्यांनी धुऊन काढला. नावानं हाक मारली की वळतं का. दोन घरांत 'नाही'. बाईंनी जन्मदाखल्यावरचं नाव वापरलं होतं, आणि त्या नावानं पोराला आजवर कोणी हाक मारलेली नव्हती. गुड्डू म्हटल्याबरोबर मान वळली. मग मी आपल्याकडची घरं पुन्हा चाळली. बाबू, छकुली, पिल्लू, एक तर चक्क 'डॉन'. बारशाचं नाव शाळेसाठी राखून ठेवलेलं असतं. दुरुस्ती सोपी : आधी विचारायचं, घरी काय म्हणता, मग त्याच नावानं, पाठीमागून, टीव्ही बंद करून.

टीव्ही बंद करणं हे त्यातलं सगळ्यात अवघड.

६ ऑगस्ट

आजची नोंद सावकाश लिहिते.

मुलगा २२ महिन्यांचा. जुलैच्या सुरुवातीला सेविकेनं आमची सुधारलेली यादी विचारली होती, बेरीज आली २. म्हणजे सुटला. मी गेले ती दुसऱ्याच कामाला, त्याच्या बहिणीचं वजन राहिलं होतं. आई ओट्याशी मेथी निवडत बसलेली. पोरगा आतून आला, मागून तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ती उठली. त्यानं तिला मुरमुऱ्यांच्या स्टीलच्या डब्यापाशी नेलं, तिचा पंजा झाकणावर ठेवला आणि वाट पाहिली. झाकण निघालं, त्यानं हात सोडला. एवढ्या वेळात एकदाही त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. नजर आधी डब्यावर, मग झाकणावर, मग मुरमुऱ्यांवर. चिमट्यानं वस्तू उचलावी तसा त्यानं मायचा हात वापरला.

मी विचारलं, काही हवं असलं की कसं मागतो? ती कौतुकानं म्हणाली, "पायलं ना तुमी? बोलावं लागत नाई. माया हात धरते अन् नेते बरोबर. हुशार हाय." सहाव्या प्रश्नाला तिनं 'हो' दिलं होतं ते याचंच. मराठीत 'मागतो' म्हटलं की हेही त्यात मावतं, आणि 'दाखवतो' म्हटलं तरी मावतं. ती खोटं बोलली नव्हती. आमचा शब्द ऐसपैस होता.

तिथेच बसून पुन्हा विचारलं, हो-नाही बाजूला ठेवून. काल सकाळी उठल्यापासून काय केलं पोरानं? रडला केव्हा? तुम्हाला बोलवायला काय करतो? बाबा आले की? दुसऱ्यांची पोरं आली की? तिनं खूप सांगितलं. चाकं फिरवत बसतो. मिक्सर सुरू झाला की कान दाबून खोलीत पळतो. हाक मारली तर येत नाही, पण बिस्किटाचा कागद वाजला की येतो (म्हणजे ऐकू येतं, आणि तीही हे जाणून होती). नव्यानं खुणा केल्या तेव्हा बेरीज ६.

निरोप घेताना तिनं हळू आवाजात विचारलं, "सासूबाई म्हणतात याचा बापबी चार वर्साचा झाला तवा बोलला. मी काय म्हणू?" घराजवळच्या एका दवाखान्यात तिला आधीच सांगितलंय, पाच वर्षं वाट पाहा. मी म्हटलं, वाट पाहत पाहतही तपासता येतं, आणि आधी कान तपासून घेऊ. सासूला मध्ये न आणता निघायला हे बरं कारण होतं.

१३ ऑगस्ट

संध्याकाळभर वाचन. २००९ साली श्रीलंकेत या यादीची जुनी आवृत्ती १८ ते २४ महिन्यांच्या मुलांवर वापरून पाहिली होती, आणि तिनं चौघांपैकी एकच स्वमग्न मूल पकडलं, तिघं निसटली. ६ तारखेनंतर हे वाचताना पोटात खड्डा पडला. त्यांनी पुढे छायाचित्रांवर आधारलेलं स्वतःचं साधन केलं. हाँगकाँगवाल्यांनी हो-नाही काढून 'कधीच नाही, क्वचित, बरेचदा' अशा पायऱ्या टाकल्या आणि सोबत मुलाला स्वतः पाहण्याचा भाग ठेवला. म्हणजे आम्हाला मोमिनपुरा-हिंगण्यात जे सापडतंय ते इतरांना आधी सापडलेलं आहे. थोडा हिरमोड झाला, पण धीरच जास्त आला.

जवळचं उदाहरण गोव्याचं. इंग्लंडातली, आईवडिलांनाच शिकवून करायची एक उपचारपद्धत गोवा आणि रावळपिंडीत आणली, तज्ज्ञांऐवजी गावपातळीवरच्या शिकवलेल्या माणसांकडून. २०१६ साली निष्कर्ष आले, आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला लागले होते. आमच्या सेविकेला जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हे दाखवते.

आणखी एक. २००४ च्या एका अभ्यासात भारतातल्या शहरी आईवडिलांना आधी खटकलं होतं ते पोराचं माणसांत न मिसळणं, बोलणं उशिरा येणं नंतर. वस्तीतही तेच ऐकते. "कोनाकडं जात नाई" हे सासूसुद्धा कबूल करते, "बोलत नाही" म्हटलं की मात्र बापाचा दाखला काढते. मग सुरुवात तिथूनच का करू नये?

(शब्दाचाही घोळ आहेच. स्वमग्न म्हटलं की एका काकांनी कौतुकानं विचारलं, "म्हणजे ध्यानात राहतो?" यापुढे घरात हा शब्द काढायचा नाही, निदान होईपर्यंत तर नाहीच.)

३ सप्टेंबर

आज तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा मुलांचा पोळा, आणि मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत काढायची पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीत जाणं म्हणजे कामाला दांडी, पण बाराव्या प्रश्नासाठी गेले असं लिहून ठेवते.

बारावा प्रश्न रोजच्या आवाजांनी बिथरण्याचा. मूळ उदाहरण व्हॅक्युम क्लीनर, जो आमच्या एकाही घरात नाही. आम्ही तिथे 'ढोल, फटाके' टाकले होते. आज मिरवणुकीत उभी राहून पाहिलं, तर कडेवरची निम्मी पोरं भोकाड पसरून. काळी, पिवळी, मग बडगे, ढोल, आणि "घेऊन जा गे मारबत"चा आरडाओरडा. यात न बिथरणाऱ्या पोराचीच काळजी करावी. ढोल-फटाके काढले. मिक्सर, कुकरची शिट्टी, कूलर ठेवले. रोजचा म्हणजे रोजचाच आवाज.

एक बाई गर्दीत हात जोडून पुटपुटत होती, "याचं न बोलणं घेऊन जा गे मारबत." कडेवर तिचा मुलगा. ओळखीची नव्हती, मी काही विचारलं नाही.

दुपारी अंगणवाडीत तान्हा पोळा भरला. नंदीबैल सजवून रांगेत, बोजारा (पोळ्याचा खाऊ-पैसे) मिळणार म्हणून पोरं टुम्म. तिसरा प्रश्न खोट्या खेळाचा : रिकाम्या कपातून प्यायल्यासारखं करणं, बाहुलीला भरवणं. मुलांच्या आयांकडून त्याला हमखास 'नाही' यायचं, "पोरगा हाय जी, बाहुली कोठून?" आज एकीचा मुलगा लाकडी बैलाच्या तोंडाशी गवताची काडी धरून बसला होता, आणि बैलानं खाल्लं नाही म्हणून त्यालाच रागावत होता. झालं, उदाहरण सापडलं. मुरमुऱ्यांच्या डब्यावाला मुलगाही आला होता. त्यानं बैल उलटा करून मांडीवर घेतला आणि चाकं फिरवत बसला, रांग उठेपर्यंत. सगळीच पोरं थोडा वेळ चाकं फिरवतात. तेवढंच आणि तेवढंच करत राहिला, ते मी त्याच्या कागदावर लिहिलं.

१३ सप्टेंबर

महालक्ष्म्या उठल्या, बैठक झाली, भांडण झालं.

माझं म्हणणं होतं, इथल्या आया 'हो'कडे झुकतात, तर मुलाखतीची हद्द ३ वरून २ वर आणू. डॉक्टर ठाम : गुणांना हात लावायचा नाही. आकडे काढले. २०१४ च्या मूळ अभ्यासात १६,०७१ मुलं होती. मुलाखतीनंतरही काळजीच्या गटात उरलेल्यांपैकी ४७.५ टक्क्यांना ऑटिझम निघाला आणि ९५ टक्क्यांच्या आसपास मुलांत वाढीची काही ना काही अडचण होती. ही ताकद त्या हद्दीवर मोजलेली आहे. मनानं हद्द हलवली तर ती संख्याही आपली राहत नाही, आणि तपासणीच्या रांगेत नाहक आया उभ्या राहतील. शिवाय हक्क मूळ लेखकांचे, भाषांतरालासुद्धा त्यांची परवानगी लागते.

मी मागे घेतलं. मनापासून. हद्द चुकली नव्हती, विचारणं चुकलं होतं. मग ठरलं : गुण जसेच्या तसे. बदल उदाहरणांत, बोलीत आणि क्रमात, तेही लेखकांना कळवून. आणि सेविकेनं आधी दहा मिनिटं 'काल काय झालं' हे ऐकायचं, नंतरच कागद काढायचा. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं कुठून आणणार? ते खरंच आहे. लाडक्या बहिणीचे अर्ज अजून चालूच आहेत, ते संपले की दुसरं काही येईल.

२४ सप्टेंबर

मुरमुऱ्यांच्या डब्याच्या मुलाची श्रवणचाचणी झाली, कान ठीक. तपासणीची तारीख ऑक्टोबरात. आईनं पोळ्याच्या दिवसाचा व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवलाय, तिथे दाखवायला. सासूही सोबत येणार म्हणते.

सहा आणि सातची आजची आवृत्ती :
६. काई पायजे असलं, अन् हाताला येत नसलं, तं एका बोटानं दाखवते का? (हात धरून नेते, ते वेगळं लिहा.)
७. काई पायजे नसतानाबी, निसती गंमत म्हणून, विमान, मांजर, कोंबडी बोटानं दाखवते का? दाखवून तुमच्याकडं पायते का?

प्रश्नांसोबत दाखवायची चित्रांची कार्डं चित्रकार मुलीनं आणून दिली. ती घेऊन हिंगण्याकडच्या आजीकडे गेले, कारण तिनं नाकारलं तर ते कोणत्याच घरात चालणार नाही. मांडवावरचं कोहळं आता डोक्याएवढं झालंय. सातव्या कार्डावर पोरगं एका बोटानं भिंतीवरची मांजर दाखवतंय आणि मान वळवून मायकडे बघतंय. आजीनं कार्ड लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"मांजरीले चालते," म्हणाली.